ध्येय मुलाचं, मग ठरवतं कोण?

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनतो. त्यातली उद्दिष्टं बहुतेकदा मोठी माणसंच लिहितात. मुलाला विचारायचं राहूनच जातं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा झाल्यावर पुढं काय, हे तोवर त्याला स्वतःला सांगता यायला हवं. ‘दुकानातून एकट्यानं सामान आणीन’ असं छोटं ध्येय ठरवणं, जमलं का ते स्वतः तपासणं, फसलं तर बदलणं, हे शिकवावं लागतं. एका भेटीत ते होत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. पण गोंदियातल्या सालेकसा, देवरीसारख्या जंगलपट्ट्यात ही दहा मुलं दहा टोल्यांवर असू शकतात. आकडा जुळतो, शिक्षकाचा दिवस मात्र रस्त्यातच जातो.