शून्य तक्रारींची शहानिशा

आवारात घडलेल्या गुन्ह्याला काय म्हणायचे, हे ज्या संस्थेची अब्रू पणाला लागली आहे तिनेच ठरवू नये. महाविद्यालयांतील गुन्ह्यांची नोंद आणि वर्गवारी कायद्याने बंधनकारक करण्याची वेळ आली आहे.

पुण्या-नागपुरातली एखादी मुलगी शिकायला अमेरिकेत निघाली, तर तिच्या आईवडिलांना घरबसल्या एक तक्ता पाहता येतो. ज्या विद्यापीठात ती जाणार, त्याच्या आवारात आणि वसतिगृहांत गेल्या तीन वर्षांत किती बलात्कार, किती गंभीर मारहाणी, किती घरफोड्या नोंदल्या गेल्या, ते त्यात वर्षवार दिलेले असते. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3 लाख 31 हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांच्या घरच्यांना ही माहिती खुली होती. तीच मुलगी लातूरहून पुण्याला किंवा साताऱ्याहून मुंबईला निघाली, तर पालकांच्या हाती पडते ते माहितीपत्रक: इमारतीचे छायाचित्र, नॅकची श्रेणी आणि प्लेसमेंटचे आकडे. सुरक्षिततेचे विचारले, की ‘आपल्याकडे तसले काही होत नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. देशाच्या उच्च शिक्षणात 2021-22 मध्ये 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते. आपल्या आवारात कोणते गुन्हे घडले याचा असा तक्ता त्यांच्यापुढे ठेवण्याचे बंधन आपल्याकडच्या एकाही महाविद्यालयावर नाही.

अमेरिकेतला तक्ता सरकारी उदारतेतून आलेला नाही. 5 एप्रिल 1986 रोजी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीवर वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून करण्यात आला. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारे दरवाजे उघडे ठेवलेले होते, त्यातून तो आत शिरला. आधीच्या तीन वर्षांत त्या विद्यापीठात 38 हिंसक गुन्हे घडले होते, हे आईवडिलांना मुलगी गेल्यावर कळले. कोनी आणि हॉवर्ड क्लेरी यांनी मग आयुष्य एका मागणीला वाहिले: आवारात काय घडते ते प्रवेशाआधी सांगा. त्यातून 1990 मध्ये संघराज्याचा कायदा झाला आणि पुढे त्याला जीनचे नाव मिळाले. सरकारी विद्यार्थी-अर्थसाह्य योजनेत असलेल्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे.

या कायद्याचा खरा कणा आहे तो वर्गवारीचा. खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ, पाठलाग, जोडीदाराकडून होणारी हिंसा अशा प्रत्येक प्रकाराची व्याख्या ठरलेली आहे. हे किती बारकाईने पाहिले जाते, त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. वसतिगृहातल्या खोलीत कुणी बेकायदा शिरून लॅपटॉप उचलला, तर ती घरफोडी धरली जाते. दाराला कुलूप नव्हते ही सबब चालत नाही. तोच लॅपटॉप वाचनालयातल्या टेबलावरून गेला, तर ती साधी चोरी होते आणि साधी चोरी या तक्त्यात सहसा येत नाही. म्हणजे घरफोडीला चोरी म्हटले, की आकडा कमी झालाच. म्हणून नाव देण्याची मोकळीक संस्थेला ठेवलेली नाही. तक्रार निराधार असल्याचा शेरा प्राचार्य मारू शकत नाहीत. तो अधिकार पोलिसांचा, तोही पूर्ण तपासानंतरचा, आणि अशा निराधार ठरलेल्या तक्रारींची संख्याही जाहीर करावी लागते. जिथे आवाराचे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे, तिथे रोजची नोंदवही ठेवावी लागते. घटना कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत ती तिथे चढते आणि वही कुणालाही पाहता येते.

आता आपल्याकडे या. पहिल्या वर्षाच्या मुलाला चार सीनियर रात्री खोलीत नेतात, कडी लावतात, पट्ट्याने मारतात आणि त्याचा मोबाइल काढून घेतात. कायद्याच्या भाषेत हे बेकायदा डांबून ठेवणे आहे, मारहाण आहे, जबरी चोरी आहे आणि रॅगिंगही आहे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र त्याचे नाव होते ‘मुलांमधला किरकोळ वाद’. दोन्हीकडच्या पालकांना बोलावले जाते, माफीनामा लिहून घेतला जातो, मोबाइल परत मिळतो, मुलांना समज दिली जाते. ‘करिअरचा प्रश्न आहे, आपसात मिटवा’ हे वाक्य मार खाल्लेल्या मुलालाच ऐकवले जाते. माफीनाम्याचा कागद फायलीत जातो आणि वर्षअखेरीस अहवालात लिहिले जाते: तक्रारी शून्य.

कायदे नाहीत, असेही नाही. महाराष्ट्राने 1999 मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करून, तथ्य दिसल्यास ती तत्काळ पोलिसांकडे पाठवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. टाळाटाळ करणारा प्रमुख गुन्ह्याला साथ देणारा मानला जाईल, इतकी कठोर तरतूद त्यात आहे. हिमाचल प्रदेशातल्या टांडा येथील वैद्यकीय विद्यार्थी अमन काचरू याच्या मृत्यूनंतर 2009 मध्ये आलेल्या यूजीसीच्या नियमांनी तर माहिती कळल्यापासून 24 तासांत एफआयआरचे बंधन घातले. कनिष्ठ महाविद्यालयातली अकरावी-बारावीची मुले बहुतांशी 18 वर्षांखालची. त्यांच्यावरील लैंगिक गुन्ह्याची खबर पोलिसांना न देणे हा पॉक्सो कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या वार्षिक अहवालात देण्याची सक्ती 2013 च्या कायद्यात आहे.

तरीही हे सगळे तुकडे एकत्र येत नाहीत. रॅगिंग एका समितीकडे, लैंगिक छळ दुसऱ्या समितीकडे, चोरी-मारामारी शिस्तपालन समितीकडे आणि जातीवरून होणारा छळ बहुधा कुणाकडेच नाही. प्रत्येक कायदा संस्थेने घटनेला योग्य नाव दिल्यावरच जागा होतो. 1999 च्या कायद्याला तर लेखी तक्रार लागते. वसतिगृहात एकटी राहणारी मुलगी सीनियरविरुद्ध पहिल्या दिवशी लेखी देत नाही. ती आईला सांगते, आई विभागप्रमुखांच्या कानावर घालते, आणि कानावर घातलेले कुठेच नोंदले जात नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूला मे 2019 पासून इतकी वर्षे उलटली. जातीवरून होणाऱ्या छळाचे गाऱ्हाणे आपण आधीच मांडले होते, असे कुटुंबीयांनी सांगितले. पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादचा दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आई राधिका वेमुला या दोन मातांना त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, ते या व्यवस्थेच्या बहिरेपणामुळेच.

नाव चुकीचे दिले, की पुढचे सगळे चुकते. कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात 9 ऑगस्ट 2024 रोजी बलात्कार करून खून झालेल्या डॉक्टर तरुणीचा मृतदेह सकाळी सापडला. पालकांना आधी आत्महत्या असे कळवले गेले आणि एफआयआर नोंदला गेला रात्री पावणेबाराला. या विलंबावर सर्वोच्च न्यायालयाने कठोर प्रश्न विचारले. अमेरिकेतही ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात डिसेंबर 2006 मध्ये खोलीत मृतावस्थेत सापडलेल्या विद्यार्थिनीबाबत, घातपाताचा संशय नाही असे सांगितले गेले. दहा आठवड्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याला खुनासाठी अटक झाली. तोवर त्या आवारातल्या मुली एका खुन्याबरोबर वावरत होत्या. फरक आहे तो पुढे काय झाले यात: विद्यापीठाचे अध्यक्ष पदावरून गेले आणि विद्यापीठाला सुमारे साडेतीन लाख डॉलर दंड झाला. लिबर्टी विद्यापीठाला तर याच कायद्याखाली 2024 मध्ये 1 कोटी 40 लाख डॉलर मोजावे लागले.

अमेरिकेतही सगळे आलबेल आहे, असा दावा आम्ही करत नाही. 2015 च्या आकड्यांत तिथल्या 89 टक्के आवारांनी बलात्काराची एकही नोंद नसल्याचे कळवले होते. तिथल्या महिला संघटनांनी या शून्यावर बोट ठेवले, आणि ते ठेवता आले कारण आकडा जाहीर होता. जिथे आकडाच नाही, तिथे प्रश्न कुणाला विचारणार?

या मागणीवर दोन आक्षेप येतील. पहिला बदनामीचा. तक्रारी जास्त दाखवणारे महाविद्यालय बदनाम होईल आणि दडपणारे मिरवेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच मूल्यांकनात तक्रारींच्या संख्येबद्दल गुण कापू नयेत. नोंद किती तत्परतेने झाली, पोलिसांना कधी कळवले, निकाल किती दिवसांत लागला, याला गुण द्यावेत. हजारो मुलांच्या संस्थेत वर्षानुवर्षे शून्य येत असेल, तर तिथेच आधी पथक पाठवावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पीडितेला पोलिसांत जायचेच नसेल तर? मोजणी आणि खटला या गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की याचे उत्तर मिळते. प्रौढ व्यक्तीने खटल्याला नकार दिला, तरी नाव, वर्ग, खोली यांपैकी काहीही न देता घटना कोणत्या प्रकारात मोडते आणि कधी घडली एवढे नोंदता येते. त्याने तिची ओळख सुरक्षित राहते आणि पुढच्या मुलीला सावध होण्याची संधी मिळते.

राज्य सरकारने काय करावे, हे म्हणूनच स्पष्टपणे मांडायला हवे. सरकारी, अनुदानित, खासगी, अभिमत अशा सर्व संस्थांसाठी एकच घटना-नोंदवही असावी आणि तिची वर्गवारी भारतीय न्याय संहितेशी जुळणारी असावी. तोंडी सांगितलेलेही दोन दिवसांत तिच्यात यावे. वसतिगृह आवाराबाहेर असले तरी ते तिच्या कक्षेत हवे. चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात जून 2023 मध्ये 18 वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथल्याच रखवालदारावर होता, हे विसरून चालणार नाही. संस्थेने दिलेले नाव स्थानिक पोलीस ठाण्याने दर तीन महिन्यांनी तपासावे. तक्रार निराधार ठरवण्याचा अधिकार संस्थेला नसावा. तीन वर्षांचे आकडे प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी संकेतस्थळावर यावेत आणि ते दडवणाऱ्या संस्थेला व तिच्या प्रमुखाला दंड व्हावा.

देशपातळीवरचे नियम येण्याच्या दहा वर्षे आधी महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला होता. त्याच धडाडीने हे विधेयक विधिमंडळात यायला हवे. मुलांना शिकायला पाठवणारे आईबाप फीचा प्रत्येक हप्ता मुदतीत भरतात. मूल ज्या छताखाली झोपणार, तिथे आजवर काय घडले हे जाणण्याचा त्यांचा हक्क संस्थेच्या अब्रूपेक्षा मोठा आहे. तो त्यांना येत्या प्रवेश हंगामापूर्वी मिळालाच पाहिजे.