वाटेकरी की कामगार?

मच्छीमार बोटीवर दोरात सापडून एखाद्या खलाशाचा हात गेला, अथवा तो समुद्रात पडून बुडाला, म्हणजे बोटमालकाच्या तोंडी एकच वाक्य येते : ‘तो माझा नोकर नव्हे, वाटेकरी होता.’ वाचकहो, या वाक्याची शहानिशा केल्यावाचून कोणत्याही कागदावर सही अगर अंगठा करू नका.

वाटेकरी कोणास म्हणावे? जो नफ्याप्रमाणे तोट्याचाही धनी असतो आणि बोट केव्हा न्यावी, मासळी कोणास विकावी हे ठरविण्याचा ज्यास अधिकार असतो, त्यास. खलाशाजवळ यांपैकी काय आहे? तो उचल घेतो आणि तांडेलाच्या हुकुमाने जाळे ओढतो. उत्पन्नातील हिस्सा हा त्याच्या श्रमाचा मोबदला होय. मोबदल्याची रीत बदलल्याने मालक जबाबदारीतून सुटत नाही. इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्याने हिश्श्यावर राबणाऱ्या मच्छीमारांना भरपाईतून स्पष्ट शब्दांत वगळले होते. वगळावयाचे तर कायद्यात तसे लिहावे लागते. मालकाच्या मुखातून कायदा निघत नाही.

आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. पैशांत मांडता येणारा मोबदला ती वेतनात धरते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के घेऊन त्यांस वयाच्या गुणांकाने गुणावयाचे. तीस वर्षे वयाचा गुणांक २०७.९८ आहे. वेतन १२,००० रुपये असेल, तर मृत्यूची भरपाई १२,४७,८८० रुपये होते. अंत्यविधीच्या दिवशी हातावर ठेवलेल्या दहा-वीस हजारांची याच्याशी तुलना करून पाहा!

मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर घरी दिलेली रक्कम भरपाई ठरत नाही. फार तर तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम वजा होते. भरपाईचा हक्क सोडल्याचा करारही व्यर्थ असतो. परंतु अपघाताची खबर ताबडतोब द्यावी, दावा दोन वर्षांच्या आत करावा, आणि पोलीस पंचनामा, इस्पितळाचे कागद, उचलीच्या व हिश्श्याच्या नोंदी, सोबतच्या खलाशांची नावे पहिल्याच आठवड्यात गोळा करावीत. उशीर झाला की साक्षीदार दुसऱ्या बोटीवर जातात.

तेव्हा मालकाच्या दारी मदत मागू नका. प्राधिकाऱ्यापुढे देणे मागा. मदत नाकारता येते, देणे नाकारता येत नाही.