थोरल्याच्या नावाचा सातबारा

अंबरनाथ तालुक्यातील जुने सातबारा उतारे चाळले, तर कब्जेदाराच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी तीन अक्षरे पुष्कळदा दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्यांचा अर्थ. वडील निवर्तले, धाकटे भाऊ अजाण होते, म्हणून तलाठ्याने थोरल्याचे नाव लावले आणि ही अक्षरे जोडली. घर एक, चूल एक, सारा भरणाराही एक, अशा दिवसांत ते सोयीचे होते. थोरला विश्वस्त आहे, धनी नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पुढे थोरला गेला, त्याच्या जागी केवळ त्याच्या मुलांची नावे चढली आणि उताऱ्याच्या पुनर्लेखनात ती तीन अक्षरे कुठेतरी गळाली. धाकट्यांची नातवंडे आज कागदावर त्या जमिनीची कोणीच लागत नाहीत.

भातशेतीपुरती जमीन होती तोवर या गळतीकडे कोणी पाहिले नाही. पोट भरायला दारूगोळा कारखाना होता, विमको होती, नंतर औद्योगिक वसाहत आली. बदलापूरपर्यंत इमारती उभ्या राहिल्या, वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्गासाठी तालुक्यात भूसंपादन झाले, आणि ज्या बांधाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याची किंमत लाखांत मोजली जाऊ लागली. वारसांची आठवण नेमकी तेव्हाच होते. मोबदला कोणाला किती, असा तंटा उभा राहिला, तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याला तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. मग रक्कम अडकते, जमीन तर आधीच गेलेली असते, आणि सख्खी चुलतभावंडे न्यायालयाच्या वऱ्हांड्यात एकमेकांकडे पाठ करून बसतात.

यातला मोठा गैरसमज असा की, सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने मिळालेल्या जमिनीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, कलम १५० प्रमाणे नोटिसा निघतात, हरकत आली तर चौकशी होते आणि मग फेरफार प्रमाणित होतो. ही सारी व्यवस्था महसूल वसुलीसाठीची. नोंद खरी आहे, असे कायदा गृहीत धरतो खरा; परंतु ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तरीही लोक प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालय अशा पायऱ्या वर्षानुवर्षे चढतात, आणि शेवटी 'दिवाणी न्यायालयात जा' एवढेच हाती पडते.

दुसरी कथा बहिणीची, आणि ती अधिक बोचरी आहे. बापाच्या पश्चात मुलांची नावे कब्जेदार म्हणून आणि मुलींची 'इतर हक्कात', असा प्रघात कैक वर्षे चालला. त्यालाही वैतागून 'हक्कसोड' करून घेतला गेला. भाऊबीजेला ओवाळणी घातली, साडीचोळी केली आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले. कागद वाचायला कोणी दिला नाही, तिनेही मागितला नाही. मागितला असता तर माहेर तुटले असते. आपण ज्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो, तिच्यात बहिणीच्या प्रेमाचा असा वापर व्हावा, हे मला सहन होत नाही.

कायदा आता नि:संदिग्ध आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद मानले. मात्र तोवर विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट पुसली. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

यावर आपल्याकडील काही मंडळी म्हणतात, हा परकीय विचार आहे, याने घरे फुटली. त्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत तरी जावे. त्या मंदिराच्या लेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काल आहे आणि ते शिलाहारांचे आहे. त्याच उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील अपरादित्याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर मोठा टीकाग्रंथ लिहिला. धर्मशास्त्राचे अभ्यासक त्याला अपरार्क म्हणून ओळखतात. ज्या स्मृतीवर त्याने लिहिले, ती अविवाहित बहिणीसाठी भावांनी आपल्या वाट्यातून चतुर्थांश द्यावा, असे सांगते. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' आला. गुजरात आणि उत्तर कोकणात न्यायालयांनी मिताक्षरेपेक्षाही त्याला अधिक मान दिला, आणि त्याने बहीण ही गोत्रातच जन्मलेली म्हणून तिला जवळची वारस मानले. समान वाटा ही आजची गोष्ट असेल, पण बहिणीला काहीच नाही, ही रीत या भूमीच्या शास्त्राची नव्हे. ती आळसाची आणि लोभाची आहे.

भावाची बाजूही आहेच. आईबापांची शुश्रूषा ज्याने केली, बांध राखला, कर्ज फेडले, त्याला अधिक द्यावे असे बहिणीला स्वत:हून वाटले, तर त्यात वावगे काय? तिने कागद वाचावा, जमिनीचा आजचा भाव जाणून घ्यावा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाला विचारून सही करावी. बिल्डर एका गरजू वारसाला गाठतो, त्याचा अविभक्त वाटा घेतो आणि उरलेल्यांना कोंडीत पकडतो. वारसा कायद्याचे कलम २२ अशा वेळी इतर वारसांना तो वाटा विकत घेण्याचा अग्रक्रम देते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शेतजमिनीलाही लागू केला. हे किती घरांना माहीत आहे?

मयतांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली. हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण नाव मेल्यावर चढते, हक्क जिवंतपणी ठरवता येतो. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीच्या विस्थापितांनी मिळालेल्या जागेची सनद आजोबांच्या नावावर, घर चार मुलांत आणि कागद एकाच कपाटात, अशी स्थिती अनेक सिंधी घरांत आहे. प्रकार निराळा, गाठ तीच.

गावातील तंटा आपसांत मिटवायला कार्यकर्त्यांना वारंवार बोलावले जाते. तिथे बसण्यापूर्वी ताजा सातबारा मागू नये. थोरल्याचे नाव ज्या फेरफाराने लागले, तो फेरफार आधी मागवावा आणि 'ए. कु. मॅ.' ही अक्षरे तिथे आहेत का, ते पाहावे. मग लेकींना बोलवावे. त्या आल्या नाहीत, तर बैठक पुढे ढकलावी.