मुरमाच्या वाटेने

फ्रान्स देशात अलीकडे लोकांना एक नवीनच नाद लागला आहे. चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता समोर असताना तो सोडून द्यायचा आणि मुद्दाम खडीच्या, मातीच्या, रानातल्या वाटेने सायकल हाकायची! त्यासाठी जाड टायरची निराळी सायकल घ्यायची, वाटांचे नकाशे जमवायचे आणि संध्याकाळी अंगावरची धूळ दागिन्यासारखी मिरवीत घरी यायचे. ही हकिकत मी आमच्या प्राध्यापक-कक्षात सांगितली तेव्हा खेड्यातून रोज येणारे आमचे एक सहकारी म्हणाले, "यात नवीन ते काय? आमच्या गावाला दुसरा रस्ताच नाही. तीस वर्षे आम्ही हाच खेळ खेळतो आहोत. पण एकही फ्रेंच माणूस बघायला आला नाही!"

हशा पिकला, चहा आला, घंटा झाली. पण त्यांच्या बोलण्यातली मेख माझ्या मनातून जाईना. एकाच तऱ्हेच्या वाटेला तिकडे मौज म्हणतात आणि इकडे हाल म्हणतात, हे कसे?

प्रथम तिकडचे पाहू. फ्रान्सच्या मध्यभागी 'मासिफ सेंत्राल' नावाचा मोठा डोंगराळ प्रदेश आहे. त्याचा काही भाग आपल्या दख्खनसारखाच ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडलेला. त्याच्या उत्तर टोकाला मोरवाँचे दाट जंगल, दक्षिणेला सेव्हेनच्या डोंगरातली चेस्टनटची राने. लाकूड वाहण्यासाठी काढलेल्या जंगलवाटा, शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटा, एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात उतरणाऱ्या जुन्या पायवाटा यांचे तेथे जाळे आहे. मोरवाँपासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे चौदाशे किलोमीटरांचा सायकलचा मार्ग अशा वाटा जोडून आखलेला आहे.

आणि हा नाद वाटतो तितका नवाही नाही. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध सायकल शर्यत सुरू झाली तेव्हा डांबरी रस्ते होतेच कुठे? सगळी शर्यत धुळीतून आणि खडीवरून. त्याच काळात सेंत-एत्येन या गावी पॉल द व्हिवी नावाचे एक गृहस्थ राहत. धंदा रेशमाचा, पण जीव सायकलीत अडकलेला. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने ते लिहीत आणि १८८७ पासून सायकलस्वारांचे एक नियतकालिक चालवीत. सायकल शर्यतीसाठी नसून देश पाहण्यासाठी आहे, आणि चढ सोपा करणारे गिअर वापरण्यात कसलीही लाज नाही, हे त्यांनी १९३० साली मरेपर्यंत सांगितले. शर्यतवाल्यांना ते पटेना. चालत्या सायकलीवर गिअर बदलणारे यंत्र 'तूर'मध्ये चालू द्यायला १९३७ साल उजाडावे लागले! काळाची गंमत अशी की, २०२४ साली त्याच शर्यतीत त्र्वा गावाभोवतालचा एक टप्पा मुद्दाम चुनखडीच्या पांढऱ्या कच्च्या वाटांवरून नेला. अशा चौदा वाटा, मिळून सुमारे बत्तीस किलोमीटर. जे टाळण्यासाठी शंभर वर्षे खर्च केली, ते पुन्हा हौसेने शोधून आणले.

आता आपल्या परभणीकडे येऊ. "परभणी म्हणजे पाटासारखी सपाट, तिथे कसले आले डोंगर?" असे पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची काळी जमीन पाहून त्यांनी तसे म्हणावे हे साहजिक आहे. पण उत्तरेला जिंतूर तालुक्यात शिरलात की जमीन सुरकुत्या घेऊ लागते, आणि दक्षिणेला गोदावरी ओलांडून जनाबाईच्या गंगाखेडच्या पुढे गेलात की बालाघाटचे डोंगर आडवे येतात. फ्रान्सचे घनदाट जंगल येथे नाही, हे खरे. आमच्या जिल्ह्यात जंगल मुळातच थोडे. पण पळस आहे, खैर आहे, खुरटलेला साग आहे, सीताफळाची बने आहेत, आणि नशीब असेल तर वाटेत मोर आडवा जातो.

शिवाय आमच्याकडे मुरूम आहे! शहरातल्या वाचकांना मुरूम म्हणजे घराच्या पायात भरायची वस्तू एवढेच ठाऊक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला काळा खडक झाला. तो ऊनपावसाने कुजत, ठिसूळ होत गेला की उतारावर उरतो तो मुरूम; आणि त्याचाच बारीक अंश खाली वाहत जाऊन खोऱ्यात साचला की होते काळी माती. म्हणजे दोघी बहिणीच; पण स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावरून खुशाल सायकल न्यावी. काळी माती मात्र धरली की सोडीत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिचा असा गोळा बसतो की शेवटी सायकल माणसावर बसून घरी येते. म्हणून आमच्याकडचा नियम सोपा : पावसाळ्यात माळ धरावा, आणि दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत कुठेही जावे.

भूगोल शिकवणारे आमचे एक स्नेही आणि मी, असे दोघे थंडीतल्या रविवारी सायकली बसच्या टपावर टाकून जिंतूर गाठतो. गावाबाहेर तीनेक किलोमीटरांवर नेमगिरीचा डोंगर. त्याच्या पोटात जैन लेणी आहेत. तेथे दर्शन घेऊन, हमरस्ता टाळीत, वस्त्यावस्त्यांच्या मुरमाड वाटांनी येलदरीकडे निघायचे. सरळ रस्त्याने हे अंतर पंधराएक किलोमीटरांचे; आमच्या वाटेने ते दीडपट होते. चढ फार मोठे नाहीत, पण एक संपतो न संपतो तोच दुसरा. शेवटच्या टेकाडावरून पूर्णेवरच्या धरणाचा जलाशय एकदम डोळ्यांत भरतो. १९६८ साली पुरे झालेले हे मातीचे धरण अनेकांनी मोटारीतून पाहिले असेल. पण दोन तास धूळ खाऊन त्या पाण्यापाशी पोचणे ही गोष्ट वेगळी.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. परदेशी सायकल नसली तरी अडत नाही. टायर रुंद हवा आणि हवा थोडी कमी हवी, म्हणजे खडीवर हादरे बसत नाहीत. पाणी दुप्पट घ्यावे. आणि पंक्चरचे सामान विसरू नये, कारण फ्रान्समध्ये बाभळीचा काटा नाही, आमच्याकडे तो मुबलक आहे.

इतके लिहून थांबलो असतो तर हा लेख नुसताच सहलीचा झाला असता. पण त्याच वाटेवर गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातली प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी भेटली. शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल तिच्याजवळ होती. वस्तीपासून बसच्या फाट्यापर्यंत सहा किलोमीटर ती रोज याच मुरमाने येते, चहाच्या टपरीशी सायकल लावते आणि बस धरते. मी म्हणालो, "काय गं, किती सुंदर रस्ता आहे तुझा!" ती हसली आणि म्हणाली, "सर, तुम्हाला हा रस्ता रविवारचा. आम्हाला रोजचा. मधल्या ओढ्याला पाणी आलं की माझा तास बुडतो." आमचे सहकारी प्राध्यापक-कक्षात जे विनोदाने म्हणाले, तेच ही पोर सरळपणे सांगत होती.

तिच्या वस्तीच्या अलीकडे एक म्हातारेबाबा बांधावर बसले होते. त्यांनी पलीकडच्या शेताकडे बोट दाखवले. "मास्तर, हितून थेट गावात गाडीवाट व्हती. ओढा लागतच नव्हता. दरसाल एक तास नांगराचा आत आला, अन् वाटच गेली." म्हणजे मुलीचा तास बुडत होता तो केवळ पावसाने नव्हे. कागदावर असलेली आणि जमिनीवरून पुसली गेलेली एक पाणंद त्याला कारण होती.

फ्रान्समधल्या वाटा टिकल्या त्या तेथील लोक निसर्गाचे मोठे भक्त म्हणून नव्हेत. गावाच्या मालकीची ग्रामीण वाट तेथे सर्वांना खुली असते. आणि १९८३ च्या कायद्याने जिल्हावार अशा वाटांच्या याद्या करण्याची सोय झाली. यादीतली वाट विकायची तर तिच्या बदली तशीच दुसरी वाट द्यावी लागते. आपणही अगदीच उघडे नाही. आपल्या गावनकाशावर गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे मागता येते, आणि चालू वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. २०२१ साली शेत-पाणंद रस्ते बांधण्यासाठी मातोश्रींच्या नावाची सरकारी योजनाही सुरू झाली. कायदा आहे, नकाशा आहे. उणीव आहे ती वाटेवरून जाणाऱ्या माणसांची. ज्या वाटेने कोणी जात नाही तिच्यावर नांगर सहज फिरतो.

तेव्हा मौज आणि हाल यांचे भांडण लावण्यात अर्थ नाही. ओढ्यावर पूल व्हावा, चढावर खडी दाबली जावी, वाटल्यास डांबरही पडावे. त्या मुलीच्या वाटेवर डांबर पडले म्हणून मी हळहळणार नाही. आम्हाला हिंडायला दुसऱ्या पाणंदी आहेत. पण वाट राहिली पाहिजे. रविवारच्या सायकलवाल्याला आणि रोजच्या विद्यार्थिनीला हवे ते एकच आहे : पुढे जायला मोकळी जागा.

या दिवाळीच्या सुटीत गावी जाल, तेव्हा फराळाच्या दुसऱ्या दिवशी कुणाची तरी सायकल मागून घ्या. मुलांनाही बरोबर न्या. तलाठ्याकडचा नकाशा पाहून आजोबांच्या वेळची एखादी पाणंद शोधा आणि शेवटपर्यंत जाऊन या. मध्येच ती एखाद्या तुरीच्या ओळीत नाहीशी झाली, तर भांडू नका. सणाचे दिवस आहेत. पण पुढच्या ग्रामसभेत तेवढा एक प्रश्न मात्र जरूर विचारा.