गुठळी ताजी असतानाच

छातीत कळ येऊन घरातल्या माणसाला दरदरून घाम फुटला, की डोंबिवली-कल्याणमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘मुंबईत कुठे न्यायचे?’ ओळखीच्या डॉक्टरांना फोन होतात, गाडी येते आणि शीळफाट्याच्या कोंडीत अडकते. नातेवाइकांचा हेतू चांगलाच असतो. पण तेवढ्या वेळात हृदयाच्या रक्तवाहिनीत काय घडते हे कळले, तर हा प्रश्नच बदलेल.

रक्ताची गुठळी म्हणजे फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे. थ्रॉम्बिन हे जाळे विणते आणि आपल्याच रक्तातले प्लाझ्मिन हे एन्झाइम ते उसवते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन स्वतः गुठळी तोडत नाही. रक्तात निष्क्रिय असलेल्या प्लाझ्मिनोजेनचे ते प्लाझ्मिन करते.

मात्र थ्रॉम्बिनही स्वस्थ बसत नाही. ते ‘घटक तेरा’ या प्रथिनाला कामाला लावते. हा घटक फायब्रिनच्या धाग्यांना आडवे टाके घालतो आणि प्लाझ्मिनला निकामी करणारे एक प्रथिनही त्याच जाळ्यात शिवून टाकतो. शिवाय थ्रॉम्बिनने जागे केलेले दुसरे एक एन्झाइम, प्लाझ्मिनोजेन धाग्याला जिथे चिकटते त्या जागाच छाटते. म्हणून ताजी गुठळी विरघळते, जुनी दाद देत नाही. गाडी कोंडीत उभी असली तरी हे टाके पडतच राहतात.

रक्त पातळ करणारी औषधे गुठळी विरघळवतात, हा मोठा गैरसमज आहे. हेपारिनसारखी औषधे थ्रॉम्बिनला आवर घालतात. नवे धागे थांबतात, टाके कमी पडतात आणि प्लाझ्मिनला काम करायला वाव मिळतो. म्हणून हृदयविकारात इंजेक्शनच्या जोडीला ती दिली जातात. पायाच्या शिरेतल्या गुठळीसाठी याच कारणाने निदान तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. सूज उतरली म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

या उपचाराचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांवरील चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र दिल्यावर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पाच आठवड्यांत होणारे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. आज एका झटक्यात देता येणारे टेनेक्टेप्लेज पुण्यातही बनते.

दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी नक्की होणार असेल, तर तीच सरस. पण संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून निघणाऱ्या किती रुग्णांना ही खात्री देता येईल? ती नसेल तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी, गरज असल्यास तिथेच इंजेक्शन आणि मग पुढचा प्रवास, हाच क्रम हवा. पक्षाघातात हीच मुदत साडेचार तासांची आहे. मात्र त्याआधी सीटी स्कॅन अटळ, कारण मेंदूतला रक्तस्रावही बाहेरून तसाच दिसतो.

इथे जबाबदारी आम्हा सरकारी डॉक्टरांवरही आहे. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी झाला पाहिजे. इंजेक्शन भांडारात कुलपाआड न राहता तातडीच्या कक्षात रात्रंदिवस हाताशी हवे. ‘पुढे न्या’ ही चिठ्ठी लिहिण्याआधी ते देता येईल का, याचा निर्णय झालाच पाहिजे.

हे औषध निर्धोक नाही. हृदयविकाराच्या शंभरात एखाद्या रुग्णाला त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आधीच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो आणि कधी इंजेक्शन टाळावेच लागते. अशा रुग्णांनी गोळीचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी कायम खिशात ठेवावी. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे घरच्यांनी आल्या आल्या सांगावे.

आपल्या घराजवळ चोवीस तास ईसीजी आणि हे इंजेक्शन कुठे मिळते, याची चौकशी आजच करून ठेवा. पत्ता फ्रिजवर चिकटवा, शेजारी १०८ लिहा. वेळ येईल तेव्हा ‘मुंबईत कुठे?’ हा प्रश्न दुसरा असू द्या.