विमान उसात गेले म्हणून खेळ बंद का?

शनिवारी पटांगणात आम्ही जी विमाने उडवतो ती बंद करावीत, असे काही जणांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही.

झाले असे. मागच्या महिन्यात आमच्या मंडळाचे रबराचे विमान रस्ता ओलांडून उसात गेले. शोधायला आम्ही सहाजण आत शिरलो. मालक काका ओरडले, "अरं पोरांनो, ऊस हाय का रानगवत?" त्यांचे बरोबरच होते. विमान काही सापडले नाही, घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच. आजी म्हणाली, "इमान करून पोट भरतंय व्हय?"

या विमानाला दोरी नसते, रिमोट नसतो. हातातून सुटले की ते आपल्या मनाचे. म्हणून जे काय करायचे ते आधीच करावे लागते. सामान म्हणजे कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि रबर. पंखाच्या रुंदीत पुढून साधारण एक तृतीयांशावर खालून बोटे टेकवायची आणि तोल राहतो का बघायचे. मग रबर न पिळता हाताने अलगद सोडायचे. नाक वर करून धपकन पडले तर नाकाला चिमूटभर चिकणमाती लावायची, सरळ जमिनीत घुसले तर थोडी काढायची. मी सतरा वेळा सोडले तेव्हा कुठे ते नीट तरंगले. एक तृतीयांश म्हणजे किती, हे मला फळ्यावर कळले नव्हते, ते पट्टीने पंख मोजताना कळले.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी ऐकावे. पॅरिसमध्ये १८७१ साली आल्फोन्स पेनो याने रबराचे लहान विमान ११ सेकंद उडवले. पेनोच्याच कल्पनेवरचे, रबरावर उडणारे एक खेळणे राईट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिले होते. ते बघून दोघांनी तसलीच स्वतः बनवली. पुढे १९०३ साली त्यांचे पहिले उड्डाण झाले तेही १२ सेकंदांचेच! आपल्या कोल्हापुरात तर राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ सालीच विमानतळ झाला. एन.सी.सी.च्या हवाई विभागात आजही मुलांना छोटी विमाने करायला शिकवतात. मग आम्हीच का नको?

चूक आमची झाली ती अशी. भर दुपारी, वर घारी घिरट्या घालत असताना आम्ही विमान सोडले. घार पंख न हलवता वर वर जाते, म्हणजे तिथे गरम हवा चढत असते. विमान त्या हवेत सापडले आणि चढतच गेले. (खरे सांगायचे तर तेव्हा आम्ही सगळे नाचलो.) आता आम्ही शेपटीचा उभा कागद किंचित वळवतो, म्हणजे विमान गोल फिरत पटांगणातच उतरते. रबराला पीळ कमी देतो आणि सकाळी वारा पडलेला असतानाच उडवतो. तरीही उसात गेलेच, तर मालकांना विचारून एकानेच सरीतून जायचे, असे ठरले आहे.

नव्या विमानांवर शाळेचे नाव घातले आहे. हरवलेल्यावर नाव नव्हते, ते निळ्या कागदाचे आहे. काका, ऊस तोडताना सापडले तर टाकू नका, मोडके असले तरी शाळेत पाठवून द्या.

– इयत्ता ७ वी