कंबरेतून टाचेपर्यंत उतरणारी कळ

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील आमच्या कराड भागात बेणे, खत व पाणी यांविषयी जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेही शेतकऱ्याच्या पाठीविषयी होत नाही. बैलाचा खांदा सुजला तर धनी त्यावर जू ठेवीत नाही. पण स्वतःच्या कंबरेतून टाचेपर्यंत कळ उतरत असता तोच धनी खताचे पोते उचलावयास वाकतो. ही विसंगती दूर व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

या दुखण्यास चरकसंहितेत गृध्रसी म्हटले असून डॉक्टर त्यास सायटिका म्हणतात. शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू कंबरेच्या मणक्यांतून निघून कुल्ल्यातून व मांडीच्या मागील बाजूने उतरतो. त्याच्या शाखा पावलापर्यंत पोचतात. दोन मणक्यांमधील गादी सरकून या तंतूच्या मुळावर दाब पडला, म्हणजे कळ, मुंग्या व बधिरपणा येतो. 1934 साली अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनी हे कारण स्पष्टपणे मांडले. म्हणून दुखते पायात, पण मूळ बहुधा असते कंबरेत.

आता आपल्या कामाकडे पाहावे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणे, पाठीवर भरलेला फवारणीचा पंप, दिवसभर ट्रॅक्टरचे हादरे, आणि वाकून उचललेले पोते! आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 साली एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली. आपल्याकडे युरियाचे पोते 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोंचे झाले खरे, पण ते युरियाची उधळपट्टी थांबावी म्हणून. पाठीची कीव येऊन नव्हे. ती कीव आपणच केली पाहिजे. पोते दोघांनी धरावे, गुडघे वाकवून व ओझे अंगाशी घेऊन उचलावे, आणि उचलताना कंबर पिळू नये.

दुखणे आल्यावर आपण जे करतो ते तर अधिकच घातक. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावयाची, बिब्बा घालावयाचा, नाहीतर डाग द्यावयाचा! सरकलेली गादी लाथेने जागेवर येत नाही, आणि बधिर कातडीस चटका बसलेला कळतही नाही. तसेच महिना-महिना अंथरुणास खिळून राहणेही हितावह नाही. कळ सोसवेल तितके चालत राहावे, ओझे मात्र टाकावे. बहुतेक रोगी काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात.

परंतु लघवी वा शौच यांवरील ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पायांतील बळ गेले, तर रात्र उजाडण्याचीही वाट पाहू नये. एकच पाऊल लुळे पडून चप्पल आपोआप गळू लागली, तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कराडास वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, लगतच मलकापुरास कृष्णा रुग्णालय आहे. अंतराची सबब आपणांस नाही. तुटलेला तंतू वाढलाच तर दिवसास सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कुल्ल्यापासून पावलापर्यंतचे अंतर मोजावे, म्हणजे विलंबाचे मोल कळेल. ज्यांचे पाऊल बधिर राहिले त्यांनी अनवाणी शेतात उतरू नये व रोज रात्री तळवे पाहावेत.

आणखी एक गोष्ट. "सुई दिल्याशिवाय गुण येत नाही" हा आपला हट्ट सोडला पाहिजे. कुल्ल्यावर भलत्या जागी टोचलेली सुई याच तंतूस कायमची इजा करू शकते, आणि लहान मुलांत हा धोका विशेष. गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. द्यावीच लागली तर जाणत्याकडूनच घ्यावी.

शेवटी बागायतदार बंधूंस एक विनंती. हमालांच्या हितासाठी महाराष्ट्रात 1969 साली कायदा झाला. पण आपल्या फडात मोळी केवढी बांधावी हे कोणताही अधिकारी पाहावयास येत नाही. ते आपल्याच हाती आहे. मोळी लहान बांधली तर खेपा चार वाढतील, ट्रॉली थोडी उशिरा भरेल. पण दूर मुलुखाहून आलेला तोडणीवाला हंगामाअखेर आपल्या पायांनी घरी जाईल. ज्याच्या पाठीवर आपला ऊस कारखान्यास पोचतो, त्याच्या पाठीची काळजी वाहणे हा उपकार नसून साधा व्यवहारधर्म होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.